३,००० टॅपच्या शुगरहाऊसला लाईट किती लागेल

ताई, तुम्ही विचारलंय की अमेरिकेत व्हरमाँटमध्ये ८०० टॅपचं शुगरबुश, म्हणजे मेपलच्या झाडांचं रान, घेतलंय (टॅप म्हणजे रस काढायला झाडात बसवलेली तोटी), रस आटवून सिरप करायचं शुगरहाऊस घरापासून ३५० फूट लांब आहे, जुन्या मालकाने घराच्या २०० अँपच्या पॅनेलमधून तिकडे १०० अँपची लाईन नेलेली आहे, आणि चार वर्षांत ३,००० टॅपपर्यंत जायचंय. तर आत्ताच मोठी लाईन करून घ्यावी, का मशिनं येतील तसं बघावं?

सरळ सांगतो, लाईन आत्ताच मोठी करा. मशिनं हवी तर हळूहळू घ्या. आणि किती मोठी ते आजच्या मोटरींवरून ठरवू नका. मार्चच्या शेवटी सॅप, म्हणजे झाडाचा रस, धो धो येतोय, रात्रीचे २ वाजलेत, सगळं एकदम चालू आहे, तेवढ्यात लाईट जाऊन परत आली, त्या एका मिनिटाला काय होईल ते बघून ठरवा.

मी पन्हाळा तालुक्यातला, कोल्हापूरला आयटीआयमधून वायरमन झालो, इथे लायसन काढून वीस वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी डेअरी आणि शुगरहाऊसच्या कामात गेली. आमच्या गावात लाईट आली की काय व्हायचं ते तुम्ही पण पाहिलं असेल, प्रत्येकाच्या विहिरीवर ऑटो स्विच बसवलेला, भारनियमन संपलं की चाळीस पंप एका सेकंदाला उठायचे, व्होल्टेज पार खाली बसायचं, मोटरी नुसत्या घुमायच्या, कुणाची तरी जळायची आणि रिवाइंडिंगला जायची, नाहीतर डीपीच उडायची. मोटर फिरताना जेवढा करंट घेते त्याच्या साधारण सहा पट उठताना घेते, सगळं दुखणं तिथे आहे. इथे तुमच्या शुगरहाऊसमध्ये चाळीस पंप नाहीत, सात-आठ मोटरी आहेत, पण डीपी पण तेवढीच छोटी आहे.

आता ३,००० टॅपचा हिशोब करू. चांगल्या व्हॅक्यूमवर (पंपाने नळ्यांतली हवा ओढून झाडातून सॅप खेचायचा) जोरात वाहणाऱ्या दिवशी टॅपमागे दीड गॅलन सॅप धरा, म्हणजे ४,५०० गॅलन. साखर २ टक्के धरली तर ८६ भागिले २, म्हणजे ४३ गॅलन सॅपला एक गॅलन सिरप, हा इथला ८६ चा नियम तुम्हाला माहीतच असेल. एका दिवसाचं १०५ गॅलनच्या आसपास सिरप होतं. तुमचा ३ बाय १० फुटी लाकडावरचा इव्हॅपोरेटर, म्हणजे सॅप आटवायची कढई, तासाला १०० गॅलन पाणी उडवतो असं धरलं तर नुसतं उकळून एवढा सॅप आटवायला ४४ तास लागतील. दिवसात तास २४. आणि दुसऱ्या दिवशी झाडं थांबत नाहीत, आणि तापमान वाढलं की टाकीतला सॅप नासायला लागतो. त्यामुळे एवढ्या टॅपला आरओ (उकळायच्या आधीच सॅप दाबाने मेम्ब्रेनमधून ढकलून पाणी बाजूला काढणारं मशीन) ही चैन नाही, ते लागणारच. २ टक्क्यांचा सॅप ८ टक्क्यांवर नेला की चारातलं तीन भाग पाणी आधीच बाहेर गेलं, उकळायला ११२५ गॅलन उरले, दहा-साडेदहा तासांत काम संपतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते ३,३७५ गॅलन पाणी काढायला तासाला ६०० गॅलन सॅप आत घेणारा आरओ साडेसात तास चालेल, सगळे पंप धरून साधारण ६ किलोवॉट, म्हणजे ४५ युनिट. तेच पाणी उकळून उडवायचं तर गॅलनला निदान २.८ युनिटएवढी उष्णता लागते, एकूण साडेनऊ हजार युनिट झाले, आणि चुलीतून वाया जाते ती वेगळीच. लाकडात मोजायचं तर तीनएक कॉर्ड, कॉर्ड म्हणजे इथलं रचलेल्या लाकडाचं माप. तोडायचं, फोडायचं, दोन उन्हाळे वाळवायचं, रात्रभर दर सात-आठ मिनिटांनी भट्टीत टाकायचं. आमच्या गुऱ्हाळात चुलवाणाला चिपाडं तरी फुकट असायची, त्याच उसाची. इथे ते नाही. म्हणून सर्व्हिस वाढवायला आठ-दहा हजार डॉलर खर्च येतोय म्हणून कुणी कचरलं की मी हाच हिशोब कागदावर मांडून देतो.

मोटरींकडे येऊ. व्हॅक्यूम पंपाला इथे १०० टॅपला एक सीएफएम (मिनिटाला एक घनफूट हवा) असा जुना ठोकताळा आहे, ३,००० टॅपला ३० झाले, पण गळती आणि लांब मेनलाइन धरून थोडं जास्त घ्यायचं, ५ हॉर्सपॉवरचा पंप येईल असं धरा. लिक्विड रिंग (आत पाणी फिरवून हवा ओढणारा) पंप घेतलात तर साडेसात धरा. कोडच्या, म्हणजे इथल्या वायरिंगच्या नियमांच्या, सिंगल फेज २३० व्होल्टच्या टेबलप्रमाणे ५ हॉर्सपॉवरला २८ अँप. आरओचा हाय-प्रेशर पंप ५ हॉर्सपॉवर, आणखी २८. आरओचा फीड पंप दीड हॉर्सपॉवर, १० अँप. रिलीजरचा (व्हॅक्यूम न सोडता सॅप बाहेर काढणारा डबा) पंप १ हॉर्सपॉवर, ८ अँप. इकडून तिकडे सॅप ढकलायचे अर्ध्या हॉर्सपॉवरचे दोन पंप, दोघांचे मिळून १० च्या आत. इव्हॅपोरेटरचा ब्लोअर ८. आरओच्या खोलीतला १५०० वॉटचा हीटर सव्वासहा, तो विसरू नका कारण मेम्ब्रेन एकदा गोठलं की गेलं. दिवे, सॉकेट, फिल्टर प्रेस वगैरे धरून १०. बेरीज १०८ होते, वर सगळ्यात मोठ्या मोटरीचे २५ टक्के जास्त धरायचे, तसा कोडच आहे, म्हणजे आणखी ७. झाले ११५ अँप.

म्हणजे १०० अँपची लाईन पुरत नाही, आणि घराच्या २०० मधून ११५ काढून दिले तर हीट पंप, ड्रायर, ओव्हन यांनी जायचं कुठे. तुमचा सीझनच असा आहे की बाहेर गारठा असताना सगळं चालतं.

पण खरं दुखणं ब्रेकरमध्ये नाही, वायरमध्ये आहे. तुमच्या १०० अँपच्या लाईनला बहुतेक १ नंबरची अ‍ॅल्युमिनियम वायर असेल, तिचा रेझिस्टन्स हजार फुटाला ०.२५३ ओहम. ३५० फूट जायला आणि ३५० यायला. समजा इतर ४० अँप चालू आहेत आणि ५ हॉर्सपॉवरची मोटर उठली, तिचे १६८, मिळून २०८ अँप. ड्रॉप किती? जवळजवळ ३७ व्होल्ट. २४० चे २०३ राहिले. मोटरीचा उठायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे जोर ७२ टक्क्यांवर आला, आणि थंडीत घट्ट झालेल्या तेलाचा पंप तेवढ्या जोरात उठतो का नाही याची मला खात्री देता येणार नाही. मोटर उठायला जास्त वेळ घेते, तेवढा वेळ जास्त करंट ओढते, ओव्हरलोड उडतो, माणूस रीसेट करतो, परत उडतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला वाइंडिंगचा वास यायला लागतो. ब्रेकर मोठा टाकून हे जात नाही. हात जोडून सांगतो, ब्रेकर मोठा टाकून हे कधीच जात नाही, उलट वायर तापते.

म्हणून खड्डा एकदाच खणा आणि २५० केसीमिल (इथलं जाड वायरीचं माप) अ‍ॅल्युमिनियम वायर टाका. ११५ अँपला ३५० फुटांवर ड्रॉप ६.८ व्होल्ट येतो, ३ टक्क्यांच्या आत. त्याहून एक माप बारीक ४/० वायर पण बरेच जण टाकतात, तिला ८ व्होल्ट येतो, चालतं, पण घराला २०० अँपला ४/० चालते ती सवलत शुगरहाऊसला नाही, तिथे ती १८० अँपची वायर आहे. फरकाचे पैसे खणायच्या खर्चापुढे काहीच नसतात. तीन इंची पीव्हीसी पाईप निदान १८ इंच खोल, आणि शेजारी एक रिकामा तीन इंची पाईप आणि एक इंचाचा एक, व्हॅक्यूम सेन्सर आणि इंटरनेटच्या वायरसाठी, सगळ्यांत ओढायची दोरी घालून ठेवलेली. खणायच्या आधी ८११ ला फोन, जमिनीखालच्या लाईनी कुठे आहेत ते खुणा करून देतात.

या रिकाम्या पाईपबद्दल मी एवढा आग्रही का, तर मी स्वतः चुकलोय. पंधराएक वर्षांपूर्वी एका कुटुंबाचं काम केलं, १,२०० टॅप होते, त्यांनी सांगितलं की याच्यापुढे वाढवायचं नाही आणि मी ऐकलं, त्या मापाची वायर थेट जमिनीत पुरली, पाईपसुद्धा नाही. पाच वर्षांत मुलगा धंद्यात आला, ४,००० टॅप झाले. त्यांच्या शेतात दोन फुटांवर सलग खडक, पहिल्या वेळेला कसाबसा फोडलेला, तो परत फोडावा लागला. त्यांचे ते पैसे मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक काही म्हणो, रिकामा पाईप मी टाकतोच.

आता वीज कंपनीकडची बाजू. तुमच्या खांबावर एक छोटा डबा टांगलेला असतो, आपल्याकडची डीपीच ती, आणि तिच्यावर आकडा रंगवलेला असतो, गावाबाहेरच्या रस्त्यांवर बऱ्याचदा १० नाहीतर १५ केव्हीए, आणि तिच्यावर दोन-तीन घरं. १५ केव्हीए म्हणजे २४० व्होल्टला ६२ अँप! तुमचे एकट्या शुगरहाऊसचे ११५ अँप म्हणजे साडेसत्तावीस केव्हीए होतात. घरात ४०० अँपचं पॅनेल बसवून घेतलं आणि खांबावर १५ चाच डबा राहिला तर तुमचा पंप उठला की शेजारच्या आजींचे दिवे मिचमिचणार. म्हणून इलेक्ट्रिशियनने कंपनीला लोड लेटर देतानाच सगळ्या मोटरींची यादी द्यायची, सगळ्यात मोठी मोटर कशी उठणार आहे ते पण लिहायचं, आणि डबा बदलायला किती दिवस आणि किती पैसे ते लेखी घ्यायचं. याला महिने जातात. डिसेंबरमध्ये विचाराल तर जमीन गोठलेली, एप्रिलमध्ये चिखल, ट्रक येत नाही.

वेगळं मीटर का घराच्याच मीटरवर ४०० अँप, हा प्रश्न पुढे येईलच. शुगरहाऊस रस्त्याच्या खांबाजवळ असतं तर मी वेगळं मीटर म्हटलं असतं. तुमचं घर मध्ये आहे, त्यामुळे घरापाशी ४०० अँपचं मीटर, त्यातून एक २०० घराला आणि एक २०० शुगरहाऊसला, हेच बरं पडेल. वेगळ्या मीटरला आठ आठवड्यांच्या कामासाठी बारा महिने स्थिर आकार भरावा लागतो. आणि धंद्याच्या दराने मीटर घेतलं तर डिमांड चार्ज लागतो का ते विचारा, तो लागला तर महिन्यात एकदाच सगळं एकदम चाललेलं पण बिलात दिसतं. शुगरहाऊसच्या पॅनेलला चार वायरी जायच्या, तिथे न्यूट्रल आणि अर्थ वेगळे ठेवायचे, अर्थिंगचे रॉड वेगळे ठोकायचे. जुन्या लाईनला हे बघून घ्या, जुन्या कामात तीनच वायरी असतात आणि ओल्या फरशीवर उभं राहून काम करणाऱ्या माणसासाठी ते धोक्याचं आहे.

थ्री-फेजचं काय? कोल्हापूरकडच्या माणसाला ५ हॉर्सपॉवरची मोटर सिंगल फेजवर ही गोष्टच पचत नाही, मला पण पचत नव्हती. इथे गावाच्या रस्त्याला एकच वायर वर आणि न्यूट्रल खाली असं असतं, थ्री-फेज मोठ्या रस्त्याने जाते, तुमच्यापर्यंत आणायची तर खर्च तुमच्याच माथी. त्याची गरज नाही. थ्री-फेज मोटर घ्या आणि पुढे व्हीएफडी (मोटरीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावा, व्हीएफडी सिंगल फेज घेऊन थ्री-फेज करून देतो, फक्त सिंगल फेजवर चालवायचा तर तो दुप्पट मापाचा घ्यायचा, ५ च्या मोटरीला १० चा. याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मोटर हळूहळू उठते, ते १६८ अँप येतच नाहीत, वरचं अर्धं दुखणं तिथेच संपतं. दुसरा फायदा, ट्यूबिंग घट्ट असेल आणि गळती काढलेली असेल तर पंप कमी वेगाने फिरून पण तेवढाच व्हॅक्यूम धरतो, म्हणजे आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस चालणारी मोटर कमी खाते. डेअरीवाले दुधाच्या व्हॅक्यूमला हे किती वर्षांपासून करतायत. एफिशियन्सी व्हरमाँटला, म्हणजे इथल्या वीजबचतीच्या संस्थेला, आधी फोन करा, आरओ आणि व्हीएफडीला काही सूट चालू आहे का विचारा, पण मशीन विकत घ्यायच्या आधी. आणि व्हीएफडी इव्हॅपोरेटरच्या खोलीत लावू नका, तिथे दिवसाला हजार गॅलन पाण्याची वाफ असते. पॅनेल, व्हीएफडी सगळं आरओच्या उबदार खोलीत. वाफेच्या खोलीत फक्त बंद दिवे, प्लास्टिकचे बंद बॉक्स आणि जीएफसीआय (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा सॉकेट किंवा ब्रेकर). बाहेरून येणाऱ्या पाईपचं तोंड पुटीने बुजवायचं, नाहीतर आतली गरम दमट हवा थंड पाईपात जाते, तिचं पाणी होतं आणि ते पॅनेलमध्ये ठिबकतं. पाण्याने गंजलेले ब्रेकर मी खूप बदललेत.

लाईट परत आल्यावरचं मिनिट. व्हॅक्यूम पंप आणि रिलीजर आपोआप सुरू व्हायला हवेत, कारण तुम्ही झोपलेल्या असाल आणि व्हॅक्यूमशिवायचा प्रत्येक तास म्हणजे सॅप गेला. पण एकदम नाही, टाइमर रिले लावून आधी रिलीजर, २० सेकंदांनी व्हॅक्यूम, मग ट्रान्सफर पंप. आरओ मात्र आपोआप सुरू करू नका, तो माणसाने येऊन प्रेशर बघत सुरू करायचा. ऑटो स्विचने गावाचं काय केलं ते वर लिहिलंच आहे.

जनरेटर लागेल का? लागेल. जानेवारी १९९८ च्या बर्फाच्या वादळात या सगळ्या पट्ट्यात, क्युबेकपासून मेनपर्यंत, खांब आणि झाडं दोन्ही आडवी झाली होती, जुनी माणसं अजून त्या आठवड्यांबद्दल बोलतात. मार्चमध्ये ओला बर्फ पडला की आमच्या भागात पाच-सहा तास लाईट जाणं नवीन नाही. तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे म्हणालात, तर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा जनरेटर घ्या, किलोवॉटला दोन हॉर्सपॉवर असा हिशोब, १५ किलोवॉटला ३० पीटीओ हॉर्सपॉवर. त्यावर व्हॅक्यूम, रिलीजर, हीटर, दिवे आणि ब्लोअर चालतील, आरओ त्याला जड जाईल, तो लाईट आल्यावर चालवा. पण डबल-थ्रो स्विच पाहिजेच, म्हणजे एका वेळी कंपनीची लाईन नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम जोडले जात नाहीत. ड्रायरच्या सॉकेटमध्ये उलटी वायर घालून घर चालवणारी माणसं मला माहीत आहेत. त्या वेळी तुमचा करंट उलटा डीपीतून हजारो व्होल्ट होऊन लाईनवर जातो, आणि तिथे खांबावर कुणाचा तरी मुलगा चढलेला असतो. हे कृपा करून करू नका, कुणाला करू देऊ नका.

डोंगराच्या पलीकडच्या १,००० टॅपबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, तिथे लाईट नाही आणि अंतर २,००० फूट. तिकडे व्हॅक्यूम पंप न्यायची घाई नको. वीज लांब न्यायला महाग, हवेचा पाईप स्वस्त. पंप शुगरहाऊसमध्येच ठेवून कोरडी व्हॅक्यूम लाईन तिकडच्या रिलीजरपर्यंत नेता येते, थोडा सीएफएम वाटेत जातो, म्हणून पाईप जाड घ्यायचा. मग तिकडे वीज फक्त १ हॉर्सपॉवरच्या सॅप पंपाला, ८ अँप. ६ नंबरच्या अ‍ॅल्युमिनियम वायरने २४० व्होल्टला ड्रॉप २६ व्होल्ट, जवळजवळ ११ टक्के, चालणार नाही. पण दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर लावून मधे ४८० ने नेलं तर करंट निम्मा, आणि टक्क्यात ड्रॉप चौथा हिस्सा, पावणेतीनच्या आसपास. तीच वायर, काम होतं. सॅप उताराने खाली येत असेल तर हे पण नको, आधी लेव्हल घेऊन बघा.

तुम्ही आता मे महिन्यात विचारताय हे फार बरं केलंत. या आठवड्यात खांबावरच्या डब्याचा आकडा, तुमच्या सध्याच्या लाईनच्या वायरवर छापलेला नंबर, शुगरहाऊसच्या पॅनेलचं झाकण काढून फोटो (झाकण तुम्ही काढू नका, इलेक्ट्रिशियनला काढू द्या), आणि सगळ्या मोटरींच्या नेमप्लेटचे फोटो एवढं जमवा. आणि घरापासून शुगरहाऊसपर्यंत पहारीने दर वीस फुटांवर जमीन ठोकून बघा, खडक किती खाली लागतो. वायर कुठून न्यायची ते त्यावर ठरेल.